झायलाझिन : भूल, गुंगी की शामक?

वाटसरू : अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात रस्त्यावर नशेसाठी विकल्या जाणाऱ्या फेंटानिल या जालीम वेदनाशामकात झायलाझिन हे जनावरांचं औषध मिसळलेलं सापडतं. मराठीत लिहिताना त्याला ‘जनावरांच्या भुलेचं औषध’ म्हणावं का? ‘शामक’ फारच सौम्य वाटतो. पित्तशामकही असतंच की.

गोठेवाला : भूल नको, गुंगी म्हणा. झायलाझिनने जनावर सुस्तावतं, मान टाकतं, वेदनाही थोडी कमी होते. पण चिरफाड करायची तर जोडीला भुलेचं केटामिन किंवा जागा बधिर करायला लिग्नोकेन लागतंच. घोड्याला शिरेतून किलोमागे १.१ मिलिग्रॅम देतात, गाईला त्याचा दहावा हिस्सा पुरतो. घोड्याच्या मापाने गाईला टोचलं तर ती आडवी होते, पोट फुगतं. प्वेर्तो रिकोच्या रस्त्यावर मात्र याचं नावच ‘घोड्याची भूल’ पडलंय, त्याला इलाज नाही.

निळी शाई : अशा फेंटानिलला ‘दूषित’ म्हणणंही टाळा, पाणी दूषित होतं. फेंटानिलचा अंमल लवकर ओसरतो, तो लांबवायला हे मुद्दाम घालतात, म्हणून ‘भेसळ’. आणि फेंटानिल कारखान्यात बनतं, तेव्हा ‘अफूजन्य’ नव्हे, ‘अफूसदृश’.

गोठेवाला : खरी गफलत ‘उतारा’ शब्दात होते. नालोक्सोन हा फेंटानिलचा उतारा, झायलाझिनचा नव्हे. म्हणून ‘नालोक्सोन निकामी’ असे मथळे येतात, ते धोकादायक आहेत. श्वास मंदावला असेल तर ४ मिलिग्रॅमचा फवारा नाकात द्यायचाच, दर ५ सेकंदांनी एक असा तोंडाने श्वास द्यायचा, २-३ मिनिटं थांबून गरज पडली तर दुसरा फवारा. श्वास नीट सुरू झाला की काम झालं. माणूस डोळे उघडत नाही म्हणून फवाऱ्यांवर फवारे मारू नयेत. कुशीवर वळवून श्वासावर नजर ठेवावी. झायलाझिनची गुंगी उतरवायला जनावरांना देतात ते आटिपामेझोल माणसांसाठी मान्य नाही.

वाटसरू : आणि ‘विथड्रॉवल’ला तलफ?

निळी शाई : छे. तलफ चहाचीही येते. २०२४ पासून फिलाडेल्फियात झायलाझिनची जागा मेडेटोमिडिन हे जनावरांच्या गुंगीचंच दुसरं औषध घेतंय. ते अचानक तुटलं की काही तासांत रक्तदाब आणि नाडी भडकते, हातपाय थरथरतात, उलट्या थांबत नाहीत. अफूसदृशांच्या नेहमीच्या औषधांनी हे आवरत नाही. रक्तदाब उतरवणारं क्लोनिडिन किंवा अतिदक्षता विभागात शिरेतून डेक्समेडेटोमिडिन या शामकाची धार लागते. मी ‘औषध तुटल्याचा त्रास’ लिहीन. लांब आहे, पण तलफ वाचून कुणी रुग्णाला घरीच बसवून ठेवणार नाही.

गोठेवाला : चालेल. झायलाझिनची तपासणीपट्टी मेडेटोमिडिन दाखवत नाही, आणि लिग्नोकेन असलं तर खोटा होकार देते, एवढं त्यात घाला.