शेवटी अडकित्ता कामी आला
वस्तू ज्या कडक प्लास्टिकच्या बंद कवचात विकतात, ती कवचं ‘सुरीने उघडायला जाऊ नका’ हा सल्ला अगदी पटला. मागच्या महिन्यात पेनड्राइव्हच्या पाकिटाशी झटताना सुरी सटकली नि अंगठ्याला दोन टाके पडले. पेनड्राइव्ह नखाएवढा, पाकीट पंजाएवढं! ते मुद्दामच असतं म्हणा, दुकानातून गुपचूप खिशात सरकवता येऊ नये म्हणून. कडा उष्णतेने सांधलेल्या असतात, त्यामुळे कितीही ओढा, ढिम्म हलत नाहीत. सांध्याच्या आतून, वस्तूच्या भोवतीने कापायचं. आमची कात्री वाकली. शेवटी आईचा अडकित्ता वापरला (सुपारी नीट कातरत नाही म्हणून अजून बोलणी खातोय). कापलेल्या कडाही ब्लेडसारख्या लागतात, सांभाळा. अ‍ॅमेझॉनने २००८ साली सहज उघडणारे पुठ्ठ्याचे खोके आणायला सुरुवात केली, पण आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात अजून हीच कवचं लटकतायत.