अणुभट्टीच्या शीतकरणात त्रुटी सापडली, तर मुदतवाढ देऊच नये

रात्रपाळी, मानेवाडा

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेनं शांती कायदा मंजूर केला. १९६२ चा अणुऊर्जा कायदा गेला, खासगी कंपन्यांना दार उघडलं आणि अणुऊर्जा नियामक मंडळाला पहिल्यांदाच कायद्यात स्वतःची जागा मिळाली. आपल्याकडे चर्चा झाली ती गुंतवणुकीची आणि नुकसानभरपाईची. भट्टी थंड ठेवणाऱ्या यंत्रणेत खोट सापडली तर या मंडळानं नेमकं काय करायचं, यावर फारसं कोणी बोलत नाही.

माझं मत सरळ आहे. तपासणीची किंवा दुरुस्तीची तारीख ठरली की ती पुढे ढकलायची नाही. तारीख आली, काम झालं नाही, तर भट्टी बंद. दंड किती लावला याला माझ्या लेखी फार किंमत नाही.

मी औष्णिक केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये नोकरी केली आहे. बॉयलरची ट्यूब लीक झाली की पहिली चौकशी लोड डिस्पॅचची, म्हणजे कोणत्या केंद्रानं किती वीज द्यायची ते ठरवणाऱ्या कार्यालयाची. मे महिना, पारा ४६ वर, सगळ्या नागपूरचे कूलर चालू. "रात्रीपर्यंत ओढा, पीक उतरलं की सेट काढा." आणि आम्ही ओढायचो. बॉयलरजवळ गेलं की वाफेचा फुत्कार ऐकू यायचा, गळती भरून काढणाऱ्या मेकअप पाण्याचा आकडा तासातासाला चढायचा, आणि लॉगबुकात एकच ओळ पडायची: "ट्यूब लीकेजचा संशय, निरीक्षणाखाली."

कोळशाच्या सेटला हे निभतं, कारण आग विझवली की उष्णता संपते. अणुभट्टीत ती संपत नाही. साखळी प्रक्रिया थांबली त्या क्षणीही पूर्ण उष्णतेच्या सहा-सात टक्के उष्णता इंधनातून निघतच असते. गुजरातेतल्या काकरापारच्या नव्या ७०० मेगावॉटच्या भट्टीत उष्णता २,१०० मेगावॉटच्या वर. म्हणजे बंद केल्याबरोबर दीडशे मेगावॉटच्या आसपास, तासाभरानंतरही तीसेक. ती दिवसेंदिवस काढत राहावी लागते. फुकुशिमात ११ मार्च २०११ ला भूकंपानंतर चालू भट्ट्या व्यवस्थित बंद झाल्या होत्या. त्सुनामीत डिझेल जनित्रं बुडाली, थंड ठेवण्याची सोय गेली आणि तीन भट्ट्यांचं इंधन वितळलं.

मुदतवाढीनं काय होतं ते अमेरिकेत ओहायोतल्या डेव्हिस-बेस केंद्रात दिसलं. २००१ मध्ये तिथल्या नियामक आयोगानं सांगितलं, भट्टीच्या झाकणातल्या नळ्यांना तडे आहेत का ते ३१ डिसेंबरपर्यंत तपासा. कंपनी म्हणाली, मार्चअखेरच्या आउटेजमध्ये, म्हणजे भट्टी ठरवून बंद ठेवू तेव्हा बघू. बंदीच्या आदेशाचा मसुदा आयोगाकडे तयार होता. शेवटी तडजोड झाली, १६ फेब्रुवारी २००२. मार्चमध्ये झाकण उघडं पडलं तेव्हा दिसलं की बोरिक आम्लानं साडेसहा इंच पोलाद खाऊन टाकलं आहे. दाबाखालचं पाणी अडवून धरलं होतं ते आतल्या अर्ध्या इंचाहून पातळ स्टेनलेस अस्तरानं. खुणा आधीपासून होत्या. इमारतीतली हवा तपासणाऱ्या मॉनिटरचे फिल्टर गंजाच्या धुळीनं एक-दोन दिवसांत तुंबत होते, आणि ते नुसते बदलले जात होते. तारीख ठरवताना कंपनीच्या खर्चाचा विचार झाला, असं आयोगाच्याच महानिरीक्षकानं नंतर नोंदवलं.

म्हणजे तेच "ओढा".

जडपाणी

दादा, मी अणुकेंद्रात ऑपरेशनला होतो, आता निवृत्त होऊन प्रतापनगरात आहे. थर्मलच्या मापानं आम्हाला मोजू नका. शीतकरणाचा अमुक पंप उपलब्ध नसेल तर अमुक तासांत पूर्ववत करा, नाहीतर भट्टी बंद करा, हे आमच्या तांत्रिक अटींत आधीपासूनच लिहिलेलं असतं. तिथं लोड डिस्पॅचचा फोन चालत नाही.

काकरापारचंच घ्या. ११ मार्च २०१६ ला पहिल्या युनिटच्या शीतक नळीतून, म्हणजे इंधन असलेल्या नळीतून, भट्टी थंड ठेवणाऱ्या जड पाण्याची गळती झाली. भट्टी बंद झाली, शीतकरण चालू राहिलं. त्यानंतर मंडळानं ती सुरू करू दिली नाही. बिघडलेली नळी कापून बाहेर काढली, तपासली, बाहेरच्या अंगाला गंजाचे डाग सापडले, आणि मग एक नव्हे, सगळ्या नळ्या बदलल्या. भट्टी परत सुरू झाली २०१९ मध्ये. तीन वर्षांची वीज गेली. आणखी कोणती शिक्षा हवी?

आणि तुमची "तारीख म्हणजे तारीख" ऐकायला बरी वाटते, पण भट्टी थंड करणं, पुन्हा तापवणं याचाही ताण नळ्यांवर आणि वेल्डवर पडतो. जिथे गरज नाही तिथे बंद करणं म्हणजे सुरक्षा नव्हे. त्याहून मोठा धोका सांगतो. प्रत्येक नोंदीची शिक्षा भट्टी बंद अशी असेल, तर शिफ्टमधला माणूस नोंद करायला कचरेल. मी पोरांना शिकवायचो, थेंब दिसला तरी लिहा. तुमच्या नियमानं तो थेंब लिहिला जाणार नाही.

वकीलताई

जडपाणी सर, नोंद करणाऱ्याला अभय हवंच, त्यावर वाद नाही. पण "मंडळानं सुरू करू दिली नाही" म्हणताना ते मंडळ कोणाच्या हाताखाली होतं तेही सांगायला हवं. १९८३ साली स्थापन झालेलं हे मंडळ अणुऊर्जा आयोगाला उत्तरदायी. त्या आयोगाचे अध्यक्ष अणुऊर्जा विभागाचे सचिव, आणि केंद्रं चालवणारी कंपनी त्याच विभागाची. ज्याची तपासणी करायची त्याच्याच वाड्यात तपासनीस राहायला. २०१२ च्या अहवालात कॅगनं यावर बोट ठेवलं होतं. नियमभंगाचा कमाल दंड तेव्हा ५०० रुपये होता. रहाटे कॉलनीच्या चौकात चारचाकीवाल्याला याहून जास्त पावती फाटते. स्वतंत्र प्राधिकरणासाठी २०११ मध्ये विधेयक आलं, तेही लोकसभेची मुदत संपल्यावर बारगळलं. आता नव्या कायद्यात कमाल दंड एक कोटी आहे. पाचशेच्या मानानं मोठा, भट्टीच्या एका दिवसाच्या विजेच्या मानानं किरकोळ.

दंडाची मर्यादा कायद्यात बांधून ठेवली की काय होतं ते अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुकेंद्रात दिसलं. मार्च १९७९. आणीबाणीत पाणी देणाऱ्या लाइनचे व्हॉल्व्ह देखभालीनंतर बंदच राहिलेले, आणि ते दाखवणाऱ्या एका दिव्यावर देखभालीचं पिवळं कार्ड लटकत होतं. अर्धीअधिक भट्टी हातची गेली आणि दंड लागला १,५५,००० डॉलर, कारण कायदा त्यापुढे जाऊ देत नव्हता.

नागपूरकरांना हे वेगळं सांगायला नको. स्फोटकांचा केंद्रीय नियामक, पेसो, त्याचं मुख्यालय आपल्या सेमिनरी हिल्सवर आहे. १७ डिसेंबर २०२३ ला बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात स्फोट होऊन नऊ कामगार गेले. तपासणी कधी झाली, त्यात काय निघालं, हे प्रश्न लोकांनी त्यानंतर विचारले. आधी विचारायला हातात कागद हवा ना?

धरमपेठचा विशाल

सगळे भट्टी बंद करा म्हणून राहिले, मग वीज कुठून आणायची ते कोणी सांगून नाही राहिलं. अणुवीज बंद म्हणजे कोळसा जास्त. कोराडीच्या आसपास राहणाऱ्यांना विचारा राख काय असते. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला, राखेचं पाणी शेतात आणि नाल्यांत गेलं. तो धोका रोजचा आहे, दिसतो आहे. त्यावर कोणाची तारीख नाही.

फ्रान्सनं २०२२ मध्ये तुमच्या मतासारखंच केलं. आणीबाणीच्या शीतकरणाच्या पाइपांत गंजाच्या भेगा सापडल्या, एकामागून एक भट्ट्या बंद ठेवल्या. नेमकं युक्रेनचं युद्ध, गॅस महाग, आणि नेहमी वीज विकणारा देश विकत घ्यायला लागला. सुरक्षेची किंमत गरिबाच्या बिलात दिसते भाऊ.

रात्रपाळी, मानेवाडा

विशाल, राखेबद्दल तुझं म्हणणं शंभर टक्के मान्य. तिथंही तारीख हवी. पण फ्रान्सचं उदाहरण माझ्या बाजूचं आहे. वीज सगळ्यात जास्त हवी होती तेव्हाही त्यांनी पाइप कापून पाहिले. "हिवाळा निघू द्या, मग बघू" म्हणाले नाहीत. बिल वाढलं हे खरं, आणि त्याची तजवीज सरकारनं करायची असते. ती शीतकरणाच्या पाइपातून वसूल करायची नसते.

जडपाणी सर, आता काकरापार. तुम्ही २०१६ पासून सुरुवात केली. त्याच केंद्राच्या दुसऱ्या युनिटमध्ये जुलै २०१५ मध्ये शीतक नळी गळली होती. शेजारशेजारची युनिटं, एकाच घडणीची. पहिलं युनिट त्यानंतर आठ महिने चालूच होतं. त्या आठ महिन्यांत पहिल्या युनिटच्या किती नळ्या बाहेरच्या अंगानं पाहिल्या, किती दिवसांत पाहायला सांगितल्या होत्या? बंद पडल्यावर बंद ठेवणं म्हणजे अंमलबजावणीचा उत्तरार्ध. माझा सगळा जीव पूर्वार्धात आहे.

जडपाणी

प्रश्न रास्त आहे. पण २०१५ ची गळती सापडली कशी तेही बघा. नळीभोवतीच्या वायूतला ओलावा सतत मोजला जातो, फुटण्याआधी गळती कळावी म्हणूनच ती सोय आहे. एका युनिटमध्ये गळती निघाली म्हणून कारण कळायच्या आत दुसरं बंद करायचं, तर मग देशातल्या सगळ्याच जड पाण्याच्या भट्ट्या त्या दिवशी बंद करायला हव्या होत्या. त्याला मी इंजिनिअरचा निर्णय म्हणणार नाही.

आणि माणसांवर थोडा विश्वास ठेवा. उत्तर प्रदेशातल्या नरोरा अणुकेंद्रात ३१ मार्च १९९३ ला टर्बाइनची पाती तुटली, आग लागली, केबल जळाल्या, सतरा तास केंद्रात वीज नव्हती. धुरात ऑपरेटरांनी डिझेलवरचे आगीचे पंप चालू करून भट्टीची उष्णता काढून घेणाऱ्या स्टीम जनरेटरला पाणी पोचवलं. कोणत्याही दंडाच्या भीतीनं ते तिथे उभे नव्हते.

सिवनीहून, सध्या बर्डी

नरोराच्या त्या माणसांना नमस्कार. पण पर्यायी वीजपुरवठ्याच्या केबलही सोबतच का जळाल्या, हा प्रश्न त्यांच्या हिमतीनं सुटत नाही.

आमची सोयरिक मंडलाकडची. चुटक्याचा अणुप्रकल्प तिथे, नर्मदेवर, बरगी धरणाच्या पाण्यावर यायचा आहे. बरगीत एकदा उठलेली गावं पुन्हा उठणार. तिथल्या म्हाताऱ्यांना साखळी प्रक्रिया समजावून सांगायची गरज नाही. पाणी कमी झालं तर भट्टीला आधी की शेताला आधी, आणि पाणी जास्त झालं तर काय, एवढंच ते विचारतात. जून १९९४ मध्ये काकरापारच्या टर्बाइन इमारतीत पुराचं पाणी शिरलं होतं, म्हणजे हा प्रश्न काही हवेतला नाही. तपासणीत काय निघालं ते त्यांच्या भाषेत त्यांच्या ग्रामपंचायतीत लागलं पाहिजे.

वकीलताई

हाच मुद्दा. १९९३ ते ९६ मध्ये ए. गोपालकृष्णन मंडळाचे अध्यक्ष होते, तेव्हा सुरक्षेच्या १३४ मुद्द्यांची यादी झाली. ती लोकांसमोर ठेवली गेली असती तर प्रत्येक मुद्द्यापुढे तारीख मागता आली असती. तमिळनाडूतल्या कुडनकुलम अणुकेंद्राच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं मे २०१३ मध्ये पंधरा निर्देश दिले. पण निर्देश पाळले का, हे विचारायलाही याचिकाकर्त्याकडे कागद लागतो. सर, सरसकट बंदीला तुमचा विरोध मी समजू शकते. पण उघड मुदतवाढीलाही आहे का?

जडपाणी

उघड मुदतवाढीला नाही. कारण लिहा, कोणी दिली ते लिहा, तोवर कोणती जास्तीची काळजी घेतली ते लिहा. आपोआप बंद करण्याला मात्र माझा विरोध कायम आहे.

रात्रपाळी, मानेवाडा

मला आपोआपच हवं आहे, ते मी सोडणार नाही. पण निदान मुदतवाढीच्या आदेशात "विजेची मागणी जास्त आहे" हे कारण लिहिताच येऊ नये, एवढं तरी नियमात आलं पाहिजे. वकीलताई, भाषा तुम्ही सांगा, सूचना मी पाठवतो.

वकीलताई

असं लिहा: "शीतकरण यंत्रणेच्या तपासणीची किंवा दुरुस्तीची मुदत वाढवताना विजेची मागणी, महसूल किंवा आउटेजचे वेळापत्रक ही कारणे ग्राह्य धरली जाणार नाहीत. मुदतवाढीचा आदेश, त्याची तांत्रिक कारणे आणि मंजुरी देणाऱ्याचे नाव त्याच दिवशी राज्याच्या भाषेत प्रसिद्ध केले जाईल."

जडपाणी

यात एक जोडा. तांत्रिक कारणं तपासणारा माणूस प्रकल्पाच्या किंवा त्याच्या मालक कंपनीच्या पगारावर नसावा, आणि गेल्या काही वर्षांतही नसावा. किती वर्षं ते तुम्ही ठरवा. माझ्यासारखे निवृत्त लोक लगेच सल्लागार म्हणून परत जातात, ते यातून वगळा.