'एव्हरग्रीनिंग'ला मराठीत काय म्हणायचं?

धंतोलीकर: पेटंट कायद्यातल्या सुधारणांच्या वादावरचा एक लेख मराठीत करून राहिलो. 'एव्हरग्रीनिंग'वर गाडी अडली. औषधाच्या पेटंटची २० वर्षं संपत आली की कंपनी त्यातच किरकोळ फेरफार करून नवं पेटंट मागते, तो प्रकार. 'सदाहरितीकरण' लिहिलं, तर मुलगी म्हणे, "बाबा, वनखात्याची योजना आहे का?"

गोधडी: जुन्या गादीला नवी खोळ! २०१३ला ग्लिव्हेक या कॅन्सरच्या औषधाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं हेच पाहिलं ना? स्फटिकाचं रूप बदललं, पण गुण वाढला का? पेटंट कायद्याचं कलम ३(डी) तेच विचारतं.

शब्दव्रती: आधी 'पेटंट' काढा. परिभाषेत 'एकस्व' आहे.

बर्डीचा भाऊ: काऊन जी, एकस्व कोण म्हणते? मोठ्या आईचा सावजी रस्सा आमच्या घरचं पेटंट. मामाचं "पाहू ना" हे पेटंट उत्तर. 'एकस्व रस्सा' म्हटलं तर कोणी पाटावर बसणार नाही.

काळा कोट: मुळात पेटंट म्हणजे उघडं. लॅटिन 'पातेरे'वरून. राजाची मोहर असलेलं, कुणीही वाचावं असं पत्र. आपला शोध उघड करायचा, बदल्यात ठरावीक काळ हक्क. 'एकस्व'मध्ये तो उघडेपणाच गेला. आपल्याकडे नेमका शब्द होता: सनद.

शब्दव्रती: सनद अरबी आहे.

काळा कोट: आणि 'कायदा' कुठला?

बर्डीचा भाऊ: सनद वकिलाले भेटते. हायकोर्टासमोर "माझी सनद आली" म्हणा, लोक पेढे मागतील.

धंतोलीकर: पुढे 'वर्किंग' आलंय. पेटंट देशात वापरात आणलं की नाही याचं विवरण. पूर्वी दरवर्षी द्यावं लागे, २०२४च्या नियमांनी तीन वर्षांतून एकदा. 'राबवणे' चालेल?

गोधडी: राबतात माणसं. 'कसणे' घ्या. न कसलेलं ते पडीक पेटंट. २०१२ला नेक्साव्हर या कॅन्सरच्या औषधासाठी नॅटको कंपनीला सक्तीचा परवाना मिळाला, म्हणजे पेटंटवाल्याच्या मर्जीशिवाय ते बनवायची मुभा; त्यात हाही एक मुद्दा होता. महिन्याचा खर्च २ लाख ८० हजारांवरून ८,८००वर आला. 'पडीक' म्हटलं की आमच्या काटोलच्या काकालाही कळेल.

शब्दव्रती: कसणे फक्त जमिनीला.

गोधडी: मग कंबर?

बर्डीचा भाऊ: हे सोडा. सावजीत खोबरं भाजून घालता का कच्चं?

गोधडी: भाजून, पार काळं होईस्तोवर. तुमची मोठी आई काय करते?

बर्डीचा भाऊ: ते ती कोणालेच सांगत नाही.

काळा कोट: मग ते पेटंट नव्हे, गुपित.

धंतोलीकर: लेख उद्या द्यायचाय हो. खोळ लिहू का?

शब्दव्रती: 'खोळ' ग्राम्य वाटतं.