रेडिओवाल्याचं जगबुडीचं पुस्तक वाचून निराशा, अजून कुणी वाचलंय का?

अमेरिकेत फॅमिली रेडिओवर लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणारे हॅरॉल्ड कॅम्पिंग, त्यांचं १९९२ चं पुस्तक वाचलं, सप्टेंबर १९९४ मध्ये जगाचा शेवट होईल असं त्यात मांडलंय. मला वाटलेलं काहीतरी ठोस असेल, पण पानंच्या पानं बायबलमधल्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी, शेवट कसा आणि का होणार हे पटेल असं कुठंच नाही. वाईट वाटलं राव. त्यांचं बाकी काही वाचण्यासारखं आहे का?

पंचगंगाकाठ: नको भावा. पुढं त्यांनी २१ मे २०११ सांगितली. बायबलमधला नोहाचा महापूर इसवीसनपूर्व ४९९० धरायचा, शून्य वर्ष नसतं म्हणून एक वजा, की २०११ ला बरोबर ७००० वर्षं, म्हणजे देवाचा एक दिवस हजार वर्षांचा धरून सात दिवस. पण मुळात ४९९० च का, तिथंच सगळं गडगडतं. लोकांनी आयुष्यभराची पुंजी त्या तारखेच्या जाहिरातींवर घातली, त्याचा राग येतो मला.

मंगळवारपेठकर: आमचे आजोबा १९६२ च्या अष्टग्रहीचं सांगायचे, आठ ग्रह एका राशीत येणार आणि फेब्रुवारीत जग बुडणार म्हणून ठिकठिकाणी होमहवन चाललेलं. भीती तीच, फक्त तिकडं रेडिओ होता.

पंचगंगाकाठ: अंदाजच बघायचा तर कोल्हापुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी बघा की, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, माणूस जनावरं मोकळी करतो, सामान वर चढवतो. असा अंदाज उपयोगाचा.

मंगळवारपेठकर: आणि मूळ प्रश्नाचं, मार्च २०१२ मध्ये त्यांनी चुकलो म्हणून जाहीर पत्र काढलं, ते तेवढं वाचा.