मात्सुरी म्हणजे सण, उत्सव की जत्रा?

विचारणा: जपानवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. त्यात 'मात्सुरी' हा शब्द सारखा येतो. सगळीकडे 'सण' लिहिलं तर चालेल का?

प्रतिसाद: सरसकट नको. 'मात्सुरु' म्हणजे देवाची पूजा करणं. मात्सुरी त्यावरून आली. मुळात ती देवळाची आणि त्याच्या आसपासच्या वस्तीची. क्योतोची गिओन मात्सुरी बघा. ८६९ साली रोगराई शमावी म्हणून झालेल्या पूजेपर्यंत तिची परंपरा जाते, आणि आता ती जुलैभर चालते. पाहुणे १७ तारखेला सकाळी उंच रथांची मिरवणूक बघून निघून जातात. पण देव बाहेर पडतो तो संध्याकाळी! यासाका देवळातून तीन मिकोशी खांद्यांवरून निघतात, शिजो रस्त्यावरच्या ओताबिशोत मुक्कामाला राहतात आणि २४ तारखेला देवळात परततात. मिकोशीला 'पालखी' म्हणा, ओताबिशोला 'मुक्कामाची जागा'. मराठी वाचकाला आणखी काही सांगावंच लागत नाही. इथे बेलाशक 'जत्रा' लिहा. 'सण' लिहिलंत तर पालखीच हरवेल.

विचारणा: मग हिना मात्सुरी? त्यात पालखी कुठे आहे?

प्रतिसाद: नाहीच. ३ मार्चला मुलींसाठी घरात बाहुल्या मांडतात, तिथे 'सण'च शोभतो. हा दिवस पाच 'सेक्कूं'पैकी, म्हणजे ऋतूंप्रमाणे वर्षभर येणाऱ्या पाच पारंपरिक दिवसांपैकी एक, आणि सेक्कूला 'सण' हा शब्द चपखल बसतो. ७ जुलैचा तानाबाताही त्यातलाच. सेंदाई शहरात मात्र तो ऑगस्टमध्ये बाजारपेठा सजवून थाटात होतो, त्याला 'उत्सव' म्हणावं.

दुसरा प्रतिसाद: ओबोनला मी 'पितृपक्ष' लिहीन. पूर्वज घरी येतात, ही कल्पना तीच आहे.

प्रतिसाद: कल्पना जवळची आहे, पण शब्दाचा रंग वेगळा. पितृपक्ष म्हटलं की आपल्याकडे लग्नं, खरेदी, सगळं थांबतं. ओबोनमध्ये लोक रात्री गोल धरून 'बोन ओदोरी' नाचतात. कित्येक घरांत काकडीला काड्यांचे चार पाय लावून घोडा करतात आणि वांग्याची गाय. पूर्वजांनी घोड्यावरून लवकर यावं आणि जाताना गाईवरून सावकाश जावं, म्हणून! एवढी माया 'पितृपक्ष' या शब्दात मावणार नाही. 'ओबोन'च ठेवा आणि पहिल्या उल्लेखाशी 'पूर्वजांना घरी बोलावण्याचे दिवस' एवढं जोडा. हा शब्द संस्कृत 'उल्लंबन'वरून चीनमार्गे आला असं परंपरेने मानतात. तेही टिपेत द्यायला हरकत नाही.

तारीख देताना मात्र गाव बघा. १८७३ मध्ये जपानने पाश्चात्त्य दिनदर्शिका घेतली, तेव्हापासून तोक्योत बऱ्याच ठिकाणी ओबोन जुलैच्या मध्याला येतो आणि देशात इतरत्र बहुतेक ठिकाणी ऑगस्टच्या मध्याला. मूळ लेखात नुसतं 'ओबोनच्या सुट्टीत' असेल, तर ऑगस्ट धरा.