हेल्थ चेकला ३०१ मिळतो म्हणून अपेक्षित उत्तरच बदलावे का?

धागाकर्ता: परवा रात्री आमच्या वार्निशने (पाने साठवून वाचकांना देणारा, पुढे उभा असलेला सर्व्हर) एकुलत्या एका बॅकएंडला (मागचा मूळ सर्व्हर) हेल्थ चेकमध्ये ‘सिक’, म्हणजे आजारी ठरवले आणि वाचकांना ५०३ (सेवा उपलब्ध नाही) दिसू लागला. तपासण्यांचा इतिहास दाखवणारी ‘बॅकएंड.लिस्ट -पी’ ही आज्ञा चालवून पाहिली, तर ४, एक्स आणि आर या तिन्ही रांगा भरलेल्या होत्या, ‘हॅपी’ची रांग तेवढी रिकामी होती, म्हणजे जोडणी होत होती, विनंती जात होती, उत्तरही येत होते, पण ते २०० (सर्व ठीक) नव्हते. वार्निशलॉगमध्ये ३०१ (दुसऱ्या पत्त्यावर जा, असे सांगणारे उत्तर) सापडला. त्याच संध्याकाळी बॅकएंडवरच्या एनजिनएक्स या वेब सर्व्हरमध्ये एचटीटीपीएसकडे वळवण्याचा नियम घातला होता. वाचकांच्या विनंत्यांसोबत एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हे हेडर (मूळ विनंती एचटीटीपीएसने आली हे सांगणारी ओळ) येत असल्यामुळे त्या वळवल्या जात नव्हत्या. प्रोबकडे, म्हणजे हेल्थ चेकसाठी वार्निश स्वतः पाठवते त्या विनंतीकडे, मात्र ते हेडर नव्हते. सहकाऱ्यांनी प्रोबचे अपेक्षित उत्तर २०० ऐवजी ३०१ करून टाकावे असे सुचवले. मला ते साफ चुकीचे वाटते.

प्रतिसाद १: मी सहकाऱ्यांच्या बाजूने आहे. बॅकएंड एकच असताना त्याला आजारी ठरवून आपण साधता काय? पर्यायी सर्व्हर नाही. जी पाने कदाचित मिळाली असती, त्यांनाही आपणच ५०३ देतो. सर्व्हर जागा आहे एवढे कळणे पुरेसे आहे आणि ते ३०१ नेही कळते.

प्रतिसाद २: जागा कोण आहे, हाच तर प्रश्न आहे. तो ३०१ एनजिनएक्स स्वतःच देतो, पाने तयार करणाऱ्या पीएचपीपर्यंत विनंती जातच नाही. आमच्याकडे पीएचपी बंद पडून वाचकांना ५०२ (मागून योग्य उत्तर न आल्याची त्रुटी) मिळत होता आणि प्रोब मात्र शेवटपर्यंत समाधानी होता. अर्थात, प्रोबसाठी डेटाबेसवर भार टाकणारे पान निवडणेही घातक आहे. प्रोबच्या उत्तरासाठीची दोन सेकंदांची मूळ मुदत गर्दीच्या वेळी सहज उलटते. पीएचपीमधून जाणारे, पण हलके असे वेगळे पान ठेवावे.

धागाकर्ता: एकाच बॅकएंडचा मुद्दा मला मान्य आहे, परंतु मग प्रोब काढून टाकावा, किंवा दुरुस्ती होईपर्यंत ‘बॅकएंड.सेट_हेल्थ’ या आज्ञेने बॅकएंड ‘हेल्दी’ ठरवून नंतर आठवणीने ‘ऑटो’वर, म्हणजे प्रोबच्या निकालावर आणावा. खोट्या उत्तरावर समाधान मानणारा प्रोब नसलेल्या प्रोबपेक्षा वाईट, कारण त्याच्यावर आपण विसंबतो. मी प्रोबच्या ‘.रिक्वेस्ट’मध्ये (पाठवायच्या विनंतीचा मजकूर) एक्स-फॉरवर्डेड-प्रोटो हे हेडर घातले; तिथे होस्ट आणि ‘कनेक्शन: क्लोज’ या ओळीही स्वतःच लिहाव्या लागतात, नाहीतर उत्तर येऊनही जोडणी उघडी राहते आणि मुदत संपते. नवे व्हीसीएल (वार्निशची नियमांची फाइल) चढवले आणि पहिल्याच यशस्वी तपासणीला बॅकएंड बरा झाला, कारण शेवटच्या ८ पैकी ३ तपासण्या यशस्वी हव्यात ही अट असली तरी सुरुवातीला २ यशस्वी तपासण्या गृहीत धरलेल्या असतात.