घरासाठी इंटिरिअर डिझायनर कधी बोलवावा? – अनुभव धागा, कोल्हापूर

घर ताब्यात आलं की पहिला प्रश्न ठरलेला: "सुतार ओळखीचा, वायरमन भावकीतला, मग डिझायनरला वेगळे पैसे कशाला?" कळंबा, आर. के. नगर, फुलेवाडीकडं नवी घरं उभी राहताहेत, पेठांतली जुनी दुरुस्तीला निघताहेत. डिझायनर लागतोच का, आणि लागत असेल तर कुठल्या टप्प्यावर, हे या कामातल्या जाणकारांनी लिहावं. मापं द्या, क्रम द्या. दुकानांची नावं नकोत आणि स्वतःच्या घराची कहाणीही नको.

आर्किटेक्ट, ताराबाई पार्क

वायरींसाठी भिंतीत झिरी (खाच) पाडायच्या आधी. बांधकाम चालू असेल तर त्याही आधी, विटकाम खिडकीच्या तळाला आलं की फर्निचरचा नकाशा हातात हवा. १० × ११ ची बेडरूम घ्या. ११ फुटांच्या बाजूला पलंग साडेसहा फूट, समोर कपाट दोन फूट, मधे उरले अडीच. कपाटाची दीड फुटी झडप (दार) उघडली की माणसाला उभं राहायला जेमतेम फूटभर. सरकती झडप घ्यावी तर कपाट आणखी तीन-चार इंच पुढं येतं. यावर उपाय म्हणजे खोलीचं दार सरकवणं किंवा कपाट दुसऱ्या भिंतीला घेणं. विटकामाच्या वेळी दार नऊ इंच सरकवायला काहीच लागत नाही. चौकट बसल्यावर तेच काम तोडफोडीचं होतं.

आणखी एक. 'आर्किटेक्ट' म्हणवून घ्यायला १९७२ च्या कायद्याखाली नोंदणी लागते. 'इंटिरिअर डिझायनर' ही पाटी लावायला तसा कुठलाच परवाना लागत नाही. म्हणून फोटोंवर जाऊ नका. जुन्या कामाची ड्रॉइंग बघायला मागा आणि तीन-चार वर्षं वापरात असलेलं एखादं घर बघून या. भिंत पाडायची असेल, विशेषतः शिवाजी पेठेसारख्या ठिकाणचं दगड-विटांचं जुनं घर असेल, तर डिझायनरच्या आधी स्ट्रक्चरल इंजिनिअर. तिथं भिंतीच भार घेतात.

वायरिंग कंत्राटदार, राजारामपुरी

वरच्यांशी सहमत. आमच्याकडं तक्रार येते ती बोर्ड कपाटामागं गेल्याची. ड्रॉइंग नसलं की आम्ही सवयीनं दाराजवळ साडेचार फुटांवर बोर्ड लावतो आणि महिन्याभरानं सुतार नेमकं तिथंच कपाट आणून ठेवतो.

कागदावर आधी काय हवं ते सांगतो. पलंगाच्या दोन्ही बाजूंचे पॉइंट जमिनीपासून दोन-सव्वादोन फुटांवर. टीव्हीमागं किमान चार सॉकेट आणि केबलला रिकामा पाइप. एसीला ४ चौरस मिमीची स्वतंत्र वायर, शिवाय पाण्याच्या नळीला बाहेरच्या बाजूला उतार. नाहीतर पाणी खोलीतच ठिबकतं. सिंकशेजारी प्युरिफायर असेल तर वीज, पाण्याची लाइन आणि निचरा तिन्ही एकाच ठिकाणी. भांडी धुण्याचं मशीन पुढं घ्यायचं असेल तरी त्याचा १६ अँपिअरचा पॉइंट आत्ताच काढून ठेवा.

रंग झाल्यावर एक पॉइंट हलवायचा म्हणजे झिरी, सिमेंट, पुट्टी, प्रायमर आणि मग अख्ख्या भिंतीला रंग, कारण ठिगळ दिसतंच. कॉलम-बीमला झिरी पाडायला सांगू नका, आम्ही पाडणार नाही.

सुतारकाम, मंगळवार पेठ

डिझायनर प्रत्येकालाच लागतो असं काही नाही बघा. एक कपाट, एक टीव्ही युनिट आणि रंग एवढंच काम असेल तर चांगला सुतार बास. मालाचा हिशोब मात्र स्वतः करा. ६ फूट रुंद, ७ फूट उंच, २ फूट खोल कपाटाला १८ मिमी प्लायच्या ८ × ४ फुटी पाच शीट आणि पाठीला ६ मिमीच्या दोन. कुणी आठ सांगितल्या तर तुकड्यांची यादी मागा. सात फुटी झडपेला चार बिजागऱ्या. बाहेरून १ मिमीचा लॅमिनेट (सनमायका) असेल तर आतूनही चिकटवायलाच पाहिजे. एकाच बाजूनं लावला की झडप धनुष्यासारखी वाकते आणि दोष प्लायवर जातो.

दर ठरवताना एक विचारा: चौरस फूट कसला धरलाय? बहुतेक जण समोरच्या दर्शनी भागाचा धरतात. ड्रॉवर, वरचा माळा, आतला आरसा 'एक्स्ट्रा'त येतो. भांडण तिथंच होतंय.

तीनपेक्षा जास्त खोल्या, फॉल्स सीलिंग आणि किचन एकदम काढलं असेल तर मात्र बोलवा. सुतार, वायरमन, प्लंबर, पीओपीवाला एकमेकांची वाट बघत बसतात. त्यांना कामाला लावणारा एक माणूस लागतोच.

बिलं तपासणारे सिव्हिल इंजिनिअर, रुईकर कॉलनी

सुतारदादांचं बरोबर, पण फी कशी ठरते तेही बघा. फी खर्चाच्या टक्क्यावर असेल तर महाग माल सुचवला की फी आपोआप वाढते. कामाची व्याप्ती लिहून ठोक रक्कम ठरवलेली बरी. त्यात किती खोल्या, किती ड्रॉइंग, साइटवर किती फेऱ्या, किती वेळा बदल करून मिळणार, हे सगळं लिहून घ्या. जीएसटी १८ टक्के. तो धरून की वगळून, हे पहिल्याच दिवशी विचारा.

माल आपल्या नावाच्या बिलावर घ्या. दुकानदाराकडून कमिशन घेणारे असतात, सरसकट सगळे नसतात. प्लायवर ७१० क्रमांकाचं मानक म्हणजे पाण्याला टिकणारा, ३०३ मध्ये साधा आणि पाण्याला त्याहून बरा टिकणारा असे दोन प्रकार. शिक्क्यातला परवाना क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर टाकून बघता येतो. दहा टक्के रक्कम काम संपल्यावर महिनाभर मागं ठेवा. ड्रॉवर अडकणं, झडप घासणं हे वापरात आल्यावरच कळतं.

किचन ट्रॉलीचं काम, शिरोली

किचन हातात घ्यायचं असेल तर ओट्याचा कडाप्पा बसायच्या आधी बोलवा. कोल्हापुरी घरात रविवारी पाच-सहा लिटरच्या पातेल्यात रस्सा शिजतो, ते पातेलं सहा इंची ड्रॉवरमध्ये मावत नाही. खालचा ड्रॉवर बारा ते चौदा इंच उंच धरा. ओट्याची उंची घरातली मुख्य स्वयंपाक करणारी व्यक्ती उभी करून ठरवा. ३२ ते ३४ इंच हा नेहमीचा पल्ला. चिमणीला सहा इंची पाइप लागतो, आणि वाटेत बीम आला तर तो वाकवत न्यावा लागतो. जितकी वळणं तितका ओढा कमी, मग तांबड्या रश्श्याच्या फोडणीचा ठसका हॉलपर्यंत जातो.

तळमजल्यांची दुरुस्ती करणारे, शुक्रवार पेठ

पंचगंगेच्या पुराच्या पट्ट्यात घर असेल तर डिझायनरला पहिला प्रश्न हाच: २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं हे तुम्ही मोजलंय का? न मोजता जो एमडीएफ किंवा पार्टिकल बोर्ड सुचवतो त्याला नमस्कार करा. लाकडाचा भुसा-चुरा दाबून केलेले हे बोर्ड पाणी पिऊन फुगतात आणि परत बसत नाहीत. खाली कडाप्प्याचे उभे-आडवे कप्पे आणि क्लिपच्या बिजागऱ्यांच्या झडपा घ्या. स्क्रू न काढता झडपा निघतात, माळ्यावर नेता येतात. वायरिंग छतावरून खाली आणा, सॉकेट पाण्याच्या खुणेच्या वर घ्या, तळमजल्याचा एमसीबी (वीज तोडणारा स्विच) वेगळा ठेवा.

डिझायनर, नागाळा पार्क

वेळेचं गणित. अक्षय तृतीयेला वास्तुशांत हवी असेल तर दसरा-दिवाळीत भेटा. मापं आणि ड्रॉइंग चार ते सहा आठवडे, काम साधारण तीन महिने, बाकी दिवस लग्नसराईत कारागीर गावी जातात त्यासाठी. पॉलिश जून ते सप्टेंबर टाळा. दमट हवेत ते पांढरट पडतं. पावसाळा नुसत्या ड्रॉइंगला उत्तम.

सुतारकाम, मंगळवार पेठ

एक राहिलंच. चपलांच्या कपाटाला जाळी किंवा पट्ट्यांची झडप करायला सांगा. बंद कपाटात श्रावणापर्यंत कोल्हापुरी चपलेवर बुरशी येते.